मुकी जोडी

योडोकचा उजवा पाय घोट्याच्या वर चार बोटांपासून खाली बधिर होता आणि ही गोष्ट गावात कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नव्हती. निदान त्याची तशी समजूत होती.

जानेवारीत त्याच्या कमरेचं ऑपरेशन झालं. मणक्यांमधली गादी सरकून शिरेवर बसली होती, ती डॉक्टरांनी काढली. कळा थांबल्या, माणूस ताठ चालायला लागला, गावानं पाठ थोपटली. पाऊल हलत होतं, बोटं वळत होती, जोरही होता. फक्त त्या पावलाला काही कळत नव्हतं. शेगडीवर ठेवा नाहीतर बर्फात पुरा, त्याला सारखंच. "वर्षभर वाट बघा," खालच्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. "वर्षात संवेदना परत आली तर आली. नाही आली तर मग नाही." आता अकरा महिने होत आले होते. कुणी विचारलं की योडोक म्हणे, "झकास आहे." अगाथानं, म्हणजे त्याच्या बायकोनं विचारलं तरी झकासच. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय.

बरं, बधिरपणा घोट्याशी थांबला असता तर एक वेळ चाललं असतं. तो वर वर सरकत चाललाय असं योडोकला कधी कधी वाटे. जूनमध्ये मुलीचा फोन आला, तिला मुलगा झाला होता. योडोक "बरं झालं" म्हणाला आणि उरलेलं सूप प्यायला. ऑगस्टमध्ये शेजारचा जुना मित्र गेला, तेव्हा चर्चमध्ये हा मेणबत्ती कुठल्या बाजूनं जास्त वितळतेय ते बघत बसला. वाईट वाटत नव्हतं. वाईट वाटत नाही याचंही वाईट वाटत नव्हतं.

आणि अशा माणसाला डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी स्की निवडायच्या होत्या.

आमच्याकडे ही निवड म्हणजे पोरखेळ नाही. स्की-शाळेत बेचाळीस शिक्षक आहेत. हिवाळाभर सगळ्यांच्या पायात एकाच जातीची स्की असते आणि ती कुठली, हे तीन माणसं ठरवतात. पाच जोड्या येतात. नावं दिसू नयेत म्हणून अगाथा त्यांच्यावर काळी चिकटपट्टी लावते आणि खडूनं नंबर घालते. प्रत्येक जोडीवर दोन फेऱ्या, मग चिठ्ठी. सव्वीस वर्षं योडोक त्या तिघांचा म्होरक्या होता. मतं फुटली तर त्याचं मत शेवटचं.

पण नुसतं तेवढंच नव्हतं. पाचांत एक जोडी मुकी असायची. म्हणजे असं, की पोलादी कडांना धार लावलेली स्की कडक बर्फावर चावते, करकरते, तळपायाशी बोलते. अगाथा एका जोडीची धार मुद्दाम मारून ठेवायची. कधी दोन्ही स्कींची, कधी एकीचीच, कधी बुटाखालची फक्त वीतभर. ती जोडी बोलायची नाही. ज्याला मुकी ओळखता आली नाही त्यानं संध्याकाळी सगळ्यांना चीज घालून पिठाच्या गोळ्या रांधून घालायच्या आणि पुढच्या वर्षी खुर्ची सोडायची. कडेवर अंगठ्याचं नख ओढलं तर धार शेंबड्या पोरालाही कळते, म्हणून निवड संपेपर्यंत हातमोजे काढायचे नाहीत. "नखानं निवडायची तर घरी बसून निवडा. इथं पायानं निवडायची," हा नियम. आजवर त्या नियमानं चार बढाईखोर घरी बसवले होते.

नियम कुणी काढला होता? योडोकनं. खड्डा असा ऐसपैस खणला होता पठ्ठ्यानं.

त्यातून यंदा आणखी एक नवल होतं. पाचही जोड्या रुंद होत्या, कमरेला ऐंशीपासून अठ्ठ्याऐंशी मिलिमीटरपर्यंत. आता स्कीची कंबर म्हणजे बुटाखालचा तिचा सगळ्यात अरुंद भाग. रोलर फिरवून दाबलेल्या उतरणीवर, कडेवर झुकून वळणं कोरत जाणाऱ्या पट्टीच्या माणसाला अडुसष्टच्या वर काही लागत नाही, असं योडोक वर्षानुवर्षं सांगत आला होता. रुंद स्कीला तो 'परात' म्हणायचा. आणि उन्हाळ्यात तोच शाळेत जाऊन म्हणाला, "यंदा रुंद मागवा." कारण दिलं ते खरं होतं. सकाळी उतरण फरशीसारखी असते, पण हल्ली अकरा वाजले की तिची लापशी होते, मग अरुंद स्की रुतते आणि रुंद वरून निघून जाते. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसरं कारण त्यानं पोटात ठेवलं. अरुंद स्की डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच या कडेवरून त्या कडेवर जाते, तिला शहाणा तळपाय लागतो. रुंद स्की क्षणभर वेळ देते. चुकलं तर पोटात घालते.

"काय रे योडोक, बसलास शेवटी परातीत?" सकाळी डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टच्या पायथ्याशी व्हालेरीनं त्याला टोकलं. व्हालेरी शाळेची मुख्य शिक्षिका, चौतीस वर्षांची. सातव्या वर्षी तिला या उतरणीवर योडोकनंच उभं केलं होतं.

"म्हातारपणी दात पडले की लापशीच बरी," योडोक म्हणाला.

तिसरा बुर्कहार्ट. जखमींना घसरगाडीवर घालून खाली आणणाऱ्या पथकात होता, वजन एकशे दहा किलो. तो म्हणाला, "माझं वजन पेलेल ती चांगली. मी आपला योडोकच्या मागे. तो म्हणेल तो नंबर."

अगाथा तिच्या स्की-दुरुस्तीच्या कारखान्याच्या दारात उभी होती. दोन दिवस ती आत या जोड्यांवर काम करत होती. कुठली मुकी, हे सव्वीस वर्षांत तिनं नवऱ्याला चुकूनही कळू दिलं नव्हतं. तिनं एक नंबरची जोडी त्याच्या हातात दिली. "उजवीच्या टोकावर खडूचा ठिपका आहे," ती म्हणाली. "बूट नीट आवळलेस?"

"झकास."

तिनं त्याच्या बुटाकडे पाहिलं आणि पुढची जोडी व्हालेरीला दिली.

योडोकनं रात्रभर विचार करून युक्ती काढून ठेवली होती. स्कीला तसं डावं-उजवं नसतं. दोन्ही सारख्याच. दुपारी धार झिजली की आमची माणसं डावी स्की उजव्या पायात घालतात, म्हणजे ताजी कड आतल्या बाजूला येते. मग हेच सकाळी करायचं. पहिली फेरी ठिपक्याप्रमाणे, दुसरीला वर गेल्यावर गुपचूप अदलाबदल. म्हणजे दोन्ही स्की एकेकदा डाव्या पायाखाली येतील, आणि डावीकडे वळताना थोडा भार डाव्यावरही टाकला की दोन्ही कडा कळतील. डावा पाय जिवंत होता. तो सांगेल.

पहिल्या फेरीला डावीकडचं वळण आलं. डावीकडे वळताना सगळा भार उजव्या पायावर. योडोकनं गुडघा आत दाबला, कंबर टाकली आणि खाली काय चाललंय ते ऐकत राहिला. करकर ऐकू येत होती. पण ती कानाला येत होती, पायाला नाही. शेजारच्या घरात भांडण चालावं आणि आपण भिंतीला कान लावून बसावं तसं. अंगात चाळीस वर्षांची सवय होती, त्या सवयीनं वळण निघालं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असतं, काय कोरतोय म्हातारा.

वर गेल्यावर तो बूट आवळण्याच्या मिषानं मागे राहिला. दोघं पुढे निघाल्यावर स्की बदलल्या. डावा पाय म्हणाला, चावतेय. एक नंबर बोलकी.

दोन नंबरही तशीच, आणि चपळ. ब्याऐंशीची कंबर, पण वळणाच्या आधी मनातलं ओळखणारी. डाव्या पायाला ती आवडली. उजव्याला ती नको होती, दोनदा त्याची फसगत होता होता टळली. तीन नंबर. पहिल्या फेरीत, जंगलाच्या वळणावर जिथं नेहमी बर्फाची काच होते तिथं उजवीकडची स्की जराशी निसटली. मग अदलाबदल केल्यावर डाव्यानं सांगितलं, चावतेय. दोन्ही चावतायत.

लिफ्टच्या खुर्चीवर बुर्कहार्ट त्याच्या शेजारी येऊन धपकन बसला.

"सापडली का रे मुकी?"

"चिठ्ठीत लिहीन."

"मला तर सगळ्याच बोलतायत. माझ्या सासूसारख्या." बुर्कहार्ट खोखो हसला, मग थांबला. "तू हल्ली हसत नाहीस, योडोक."

"थंडी आहे."

"तुला कधीपासून थंडी वाजायला लागली?"

योडोकनं मांडीवरच्या हातमोज्याकडे पाहिलं. आत अंगठा होता, अंगठ्याला नख होतं. बुर्कहार्ट शेजारी नसता तर त्यानं हातमोजा काढला असता का? काढला असता. स्वतःच्या नियमाला स्वतःच चूड लावली असती, आणि त्याचंही काही वाटलं नसतं.

चार नंबरही बोलकी निघाली. ती घेऊन खाली आला तेव्हा अगाथानं जोडी हातात घेतली, टोकाकडे पाहिलं आणि क्षणभर तशीच उभी राहिली. खडूचा ठिपका डावीकडे होता. योडोक अदलाबदल करून परत बदलायला विसरला होता. अगाथानं स्की फिरवल्या, भिंतीला लावल्या आणि पाच नंबर पुढे केली.

पाच नंबर सगळ्यात रुंद, सगळ्यात जड, आत धातूचा पत्रा घातलेली. तिच्यावर तो रुळावर बसवल्यासारखा खाली आला. तिनं काही विचारलं नाही, काही सांगितलं नाही. खडबड असो, काच असो, ती आपली चालली. ऑपरेशननंतर पहिल्यांदा योडोकला उतरणीची भीती वाटली नाही. अदलाबदल केली, पुन्हा आला. हीही चावत होती.

म्हणजे पाचही चावत होत्या.

कारखान्यात शेगडीजवळच्या बाकावर तिघं चिठ्ठ्या घेऊन बसले. योडोकचा डावा पाय घसा फोडून सांगत होता की मुकी नाहीच. पण मुकी असतेच. सव्वीस वर्षं होती, यंदा कुठे जाईल? मग ती वीतभराची असणार, अगदी बारीक, आणि आपल्याला चुकवून गेली असणार. अकरा महिने ज्याचा एक पाय थापा मारतोय, तो दुसऱ्यावर तरी कसा विश्वास ठेवणार? जंगलाच्या वळणावर तीन नंबर निसटली होती. योडोकनं लिहिलं: 'मुकी: तीन. उजवी स्की, आतली कड, बुटाखाली वीतभर.' इतकं तपशिलात लिहिलं की वाचणाऱ्यानं तोंडात बोट घालावं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्याखाली लिहिलं, 'निवड: पाच.'

अगाथानं चिठ्ठ्या गोळा केल्या. आधी बुर्कहार्टची वाचली. "मुकी: सापडत नाही. निवड: योडोकची तीच माझी."

मग व्हालेरीची. "मुकी यंदा नाही. पैज लावते. निवड: दोन."

मग तिसरी उघडली. ती वाचायला अगाथाला वेळ लागला. शेगडीतलं लाकूड तडतडलं. तिनं चिठ्ठी दोनदा वाचली असावी, कारण डोळे खाली गेले आणि पुन्हा वर आले.

"योडोक," ती म्हणाली. "तीन. उजवी, आतली कड, वीतभर." मग घडी घालत म्हणाली, "बरोबर."

योडोकला आनंद झाला नाही, पण मानेतली गाठ सुटली. सुटलो, एवढंच त्याला वाटलं. एक वर्ष मिळालं.

"गोळ्या मी रांधतो," बुर्कहार्ट म्हणाला. "माझी खुर्ची तशीही मोडायला आली होती."

व्हालेरी स्वतःच्या बुटांकडे बघत होती. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"तीन?" ती शेवटी म्हणाली. "तीन मला चांगली चावत होती. मी जंगलाच्या वळणावर मुद्दाम दोनदा भार टाकला. शप्पथ, अगाथा, चावत होती." ती हळू आवाजात म्हणाली, "मग मला कळलंच नाही. एवढी वीतभर धार नाही आणि मला कळलंच नाही. पोरांना काय शिकवते मी? 'पायाचं ऐका' म्हणते. माझा पाय काय वाट्टेल ते सांगतो आणि मी ऐकते."

योडोकनं तिच्याकडे पाहिलं. ती बुटातल्या बुटात बोटं हलवत होती. त्याला कळलं, कारण त्याचं हे रोजचं होतं. फेब्रुवारीपासून रोज सकाळी पलंगाच्या काठावर बसून तो हेच करत होता, बोटं हलवायची आणि वाट बघायची.

अकरा महिन्यांत पहिल्यांदा काहीतरी नीट, चांगलं जळजळीत वाटलं, आणि ती लाज निघाली.

तो उठला. भिंतीपाशी जाऊन त्यानं तीन नंबरची उजवी स्की उचलली. निवड संपली होती, आता नखाला बंदी नव्हती. त्यानं आतल्या कडेवर बुटाखालच्या जागी अंगठ्याचं नख ओढलं. नखाचा पांढरा भुगा निघाला; धार शाबूत होती. दुसऱ्या जागी ओढलं. भुगा. त्यानं अगाथाकडे पाहिलं. ती शेगडीकडे बघत होती.

"व्हालेरी, इकडे ये," योडोक म्हणाला. "नख लाव."

"कशाला?"

"लाव म्हणतो ना."

तिनं लावलं. पुन्हा लावलं. मग दुसरी स्की घेतली, मग शेजारच्या दोन नंबरच्या, मग सगळ्याच. बुर्कहार्टही उठून आला. दहाच्या दहा स्कींना वस्तऱ्यासारखी धार होती.

"मग मुकी कुठली?" बुर्कहार्टनं विचारलं.

"नाहीये," योडोक म्हणाला. "व्हालेरीचा पाय बरोबर होता. तुझाही. माझा उजवा पाय मेलाय. ऑपरेशनपासून. घोट्याखाली काही कळत नाही. मी अंदाजानं लिहिलं."

बुर्कहार्टला विनोद सापडला नाही, हे गावानं पहिल्यांदाच पाहिलं असतं.

"आणि पाच नंबर?" व्हालेरीनं विचारलं.

"पाच नंबर पाय नसलेल्या माणसाची स्की आहे. शिक्षकांना दिवसभर वळवायला लावशील तर मार्चपर्यंत सगळ्यांचे गुडघे जातील. दोन घ्या. दोनच चांगली आहे, माझ्या डाव्यालाही तीच आवडली होती." त्यानं अगाथाच्या हातातून आपली चिठ्ठी घेतली आणि शेगडीत टाकली. "म्होरक्याची खुर्ची तुझी, व्हालेरी. आता निघा दोघं. गोळ्या संध्याकाळी सातला, आमच्या घरी. मी रांधणार."

व्हालेरी त्याच्यापाशी आली, त्याच्या बाहीला धरून उभी राहिली, आणि गेली. बुर्कहार्टनं जाताना दार इतकं हळू लावलं की ते लागलंच नाही.

योडोक बाकावर बसला.

"कधीपासून माहितीये तुला?"

"सप्टेंबरपासून," अगाथा म्हणाली. "तू वरच्या कुरणावरून आलास तेव्हा उजव्या मोज्यात रक्त होतं. टाच सोलून निघाली होती आणि तू शिट्टी वाजवत जेवायला बसलास. मोजे मी धुते, योडोक. तुला काय वाटलं, कोण धुतं?"

"आणि काही बोलली नाहीस."

"तू म्हणालास झकास."

"मुकी का नाही घातलीस?"

"तुला सापडली नसती म्हणून."

"मग ती चिठ्ठी बरोबर का म्हणालीस?"

"तू पकडला जात होतास म्हणून. बरोबर म्हणण्यावाचून काय करणार होते? व्हालेरीचा चेहरा बघितला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं." तिनं शेगडीत एक लाकूड ढकललं. "सांगायचं होतंस मला. तेहेतीस वर्षं एका पलंगावर झोपतो आपण."

"तू विचारायचं होतंस."

"रोज विचारत होते. बूट आवळलेस का, पाठ कशी आहे, जेवलास का. आणखी कसं विचारतात?"

दोघांनी मिळून तीन महिने अळीमिळी गुपचिळी खेळली होती आणि दोघांनाही वाटत होतं, आपण दुसऱ्यासाठी खेळतोय.

अगाथा खाली बसली. तिनं त्याच्या उजव्या बुटाचे खटके एकेक करून सोडले, बूट ओढून काढला, मोजा काढला. करंगळीच्या बाजूनं कातडं पुन्हा सोलून निघालं होतं. त्याच्याकडे पाहिलं तर तो दुसऱ्याच कुणाचा पाय बघावा तसा बघत होता.

"डॉक्टर काय म्हणाले?"

"जानेवारीपर्यंत वाट बघा म्हणाले. डोळे मिटून बोटानं तपासत राहा, बधिरपणाची रेघ खाली सरकतेय का बघा म्हणाले."

"मग? सरकली?"

"मी बघितलंच नाही. एप्रिलपासून नाही बघितलं."

"मीट डोळे."

त्यानं मिटले. तिनं बोट करंगळीवर ठेवलं. "इथं?"

"ठेवलंस का?"

"ठेवलंय."

"नाही."

ती पावलावरून वर सरकली. "इथं?"

"नाही."

टाचेच्या मागून, घोट्याच्या हाडावरून. "इथं?"

"नाही."

हाड ओलांडून ती वर आली. एक बोट, दोन बोटं, तीन. प्रत्येक वेळी ती विचारत होती आणि तो नाही म्हणत होता. चौथ्या बोटाशी, जिथं रेघ एप्रिलमध्ये होती अगदी तिथंच, तिनं सगळा तळवा टेकवला आणि या वेळी काही विचारलं नाही.

योडोकचे मिटलेले डोळे भरून आले.

"तुझा हात गार आहे," तो म्हणाला.

तिनं हात काढला नाही.